पाण्याकाठी चार दिवस

आपल्या वऱ्हाडात बैलाला पोळा आहे. आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे शेकायचे, जेवायचे आवतण द्यायचे, दुसऱ्या दिवशी मानेवर जू ठेवायचे नाही, शिंगे रंगवायची, झूल घालायची आणि पुरणपोळीचा घास भरवायचा. वर्षभर राबणाऱ्या जिवाला एक दिवस पुरता मोकळा असावा, हे आपल्या वाडवडिलांना कळत होते. पण त्या बैलामागे चालणाऱ्या माणसासाठी असा दिवस कुणी नेमून दिला नाही. घरच्या बाईसाठी तर नाहीच नाही. पोळ्याच्या दिवशी पुरण वाटायला तीच बसते.

कास्तकार घराबाहेर पडत नाही असे नव्हे. तो लग्नाला जातो, मयतीला जातो, बाजाराला, बँकेत, तहसिलीत, दवाखान्यात जातो. देवधर्मही सुटत नाही. शेगावची वारी होते, बहिरमची यात्रा होते, माहूर होते. पण यातल्या प्रत्येक जाण्याला काही ना काही काम चिकटलेले असते. लग्नात आहेर आणि मानपान, यात्रेत रांग आणि धक्काबुक्की, दवाखान्यात काळजी. घरी परत आल्यावर पहिला उद्गार निघतो, “थकलो बुवा!” म्हणजे थकवा घालवायला म्हणून आपण कधी जातच नाही. आज तशा जाण्याविषयी बोलायचे आहे. कोणतेही काम पाठीशी न घेता चार दिवस पाण्याकाठी राहून यावे, एवढेच सांगणे आहे.

“रिकामे बसायला पैसे खर्चून जायचे?” असे कुणी विचारील. जगात त्यासाठी समुद्र ओलांडून जाणारे लोक आहेत. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे. तिथली बहुतेक वस्ती आपल्यासारखीच शेतीवर जगणारी. मका हे त्यांचे रोजचे अन्न, तंबाखू हे नगदी पीक. त्या देशाला लागून त्याच नावाचे एक सरोवर आहे. त्याची लांबी साडेपाचशे किलोमीटरांहून जास्त. अकोल्याहून मुंबईला रेल्वेने जेवढे अंतर पडते, जवळपास तेवढी. या अफाट गोड्या पाण्यात लिकोमा नावाचे बेट आहे, सुमारे अठरा चौरस किलोमीटरांचे. बेट मलावीचे, पण समोर दिसणारा किनारा मोझांबिक या शेजारच्या देशाचा. बेटावर आंब्याची झाडे आहेत आणि गोरखचिंचेचे अवाढव्य बुंधे आहेत. आपल्याकडे कुठे कुठे जुन्या मठापाशी दिसणारी गोरखचिंच मूळची त्याच खंडातली. रात्री कोळी होड्यांत दिवे लावून बारीक मासळी धरतात आणि दिवसा ती वाळत घालतात.

या बेटावर युरोपातली तरुण माणसे पाठीवर एक पिशवी टाकून जातात. १९५१ सालापासून ‘इलाला’ नावाच्या बोटीने या सरोवरावर माणसांची आणि मालाची ने-आण केली. तिची फेरी आठवड्याची. म्हणून बेटावर उतरलेल्या माणसाला घाई करून उपयोग नसे. गवताने शाकारलेल्या खोपटात राहायचे, पोहायचे, पुस्तक वाचायचे, झाडाखाली झोपायचे. पाण्यापाशी स्वस्थ बसणे हेच तिथले काम.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच किनाऱ्यावर बेटावरच्या बायका भांडी घासत असतात, कपडे धूत असतात, कसावाचे कंद वाळवत असतात. पाहुण्याची विश्रांती यजमानाच्या कष्टांवर उभी असते. हे ज्याला कळते, त्याला विश्रांतीचा अर्थ कळला. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येऊ.

आपल्याला काही मलावीला जायचे नाही. तळे, तळ्यात बेट, भोवती डोंगर आणि जंगल असे ठिकाण आपल्या विदर्भातच आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांध नावाचे गाव आहे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणत, त्या तलावांतला हा एक मोठा आणि देखणा. तलावाच्या मधोमध एक बेट आहे, त्याला मालडोंगरी म्हणतात. भोवतीच्या डोंगरांना सातबहिणी असे नाव आहे. १९७५ साली इथले जंगल राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला.

तिकडे जाणे अवघड नाही. विदर्भ एक्सप्रेस आणि महाराष्ट्र एक्सप्रेस या दोन्ही गाड्या अकोला, बडनेऱ्यावरून थेट गोंदियापर्यंत जातात. गोंदियाहून वडसा, चांदा फोर्टकडे जाणारी गाडी धरली की वाटेत देवलगाव स्टेशन लागते. तिथून नवेगावबांध जवळ आहे. मोटारीने जायचे तर आपल्या अकोला, अमरावतीवरून जाणारा हमरस्ताच नागपूर, भंडारा, साकोली करीत पुढे जातो. कोहमारा फाट्याला वळले की नवेगावचा रस्ता लागतो. ज्या रस्त्याने आपण रोज कापसाच्या गाड्या जाताना पाहतो, तोच रस्ता त्या तळ्याकडे जातो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

आता हे तळे कुणी केले ते ऐका. हे देवाने दिलेले तळे नव्हे आणि सरकारनेही बांधलेले नव्हे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी या शेतकऱ्याने ते बांधले. कोहळी हा तलाव बांधण्यात आणि ऊस पिकवण्यात वाकबगार असलेला समाज. गोंड राजांनी त्यांना बनारसकडून आणले असे सांगतात. जंगल तोडून जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन द्यायची, अशी त्या राजांची रीत होती. त्यातून या मुलखात हजारो तलाव झाले. कोलू पाटलाला सातबहिणींनी मदत केली आणि तलाव पुरा झाला, अशी श्रद्धा आहे. लोकांनी पुढे कोलू पाटलाचाच कोलासूर देव केला. त्याचे ठाणे तिथल्या एका डोंगरावर आहे. पाणी अडवणाऱ्या माणसाला देवपण देणारा हा मुलूख आहे.

आपल्यातले पुष्कळ वाचक खारपाणपट्ट्यातले आहेत. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागात पूर्णेच्या खोऱ्यात विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे. पिण्याला नाही, ओलिताला नाही. ज्याने जन्मभर गोड्या पाण्याची वाट पाहिली, त्याने डोंगरापर्यंत पसरलेले गोडे पाणी नुसते डोळे भरून पाहिले तरी मनाला वेगळेच वाटते.

पण नुसते पाहून उठू नये. कास्तकाराने तलावाच्या पाळीवर बसावे आणि हे काम कसे चालते ते समजून घ्यावे. दोन बाजूंना डोंगर, मधल्या खोलगट जागेत मातीची पाळ. जास्तीचे पाणी निघून जावे म्हणून सांडवा. खाली मोरीतून पाट काढलेला. पाटाचे पाणी धानाच्या बांध्यांत उतरते. एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. आपण काळ्या जमिनीत पाणी साचू नये म्हणून धडपडतो, तिकडचा शेतकरी पाणी साचावे म्हणून धुरे घालतो. आपली पेरणी होते, त्यांची रोवणी होते. एकाच विदर्भात शेतीच्या या दोन तऱ्हा आहेत. दुसऱ्याची तऱ्हा पाहिली की स्वतःच्या वावराकडेही माणूस नव्या नजरेने पाहतो.

या तलावांची पुढची कथा मात्र सुखाची नाही. मालगुजार असताना तलावाची पाळ, मोरी, गाळ याकडे गावच्या लोकांना घेऊन तो लक्ष देई; त्यात त्याचाही स्वार्थ होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि ‘आपला’ तलाव ‘सरकारी’ झाला. आज त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. कितीतरी तलाव गाळाने भरले, बेशरमाच्या झुडपांनी वेढले गेले. अलीकडे काही गावांत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या लोकांनी पुढाकार घेऊन बेशरम उपटली, माशांना लागणाऱ्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ज्याचे पोट पाण्यावर आहे त्याच्या हाती पाणी दिले की ते जपले जाते. पांदण असो, गावतळे असो, गायरान असो, ही गोष्ट आपल्या गावालाही लागू आहे.

आता तिथे दिवसभर करायचे काय? सकाळी लवकर उठावे. हिवाळ्यात पाण्यावर धुके असते आणि धुक्यातून बदकांचे आवाज येतात. त्यातली पुष्कळ पाखरे हिमालयापलीकडून येऊन आपल्याकडे हिवाळा काढतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालत जाताना दिसतो. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यातून डोकावते. ढिवर बांधव जाळी टाकीत असतात. शिंगाड्याचा हंगाम असेल तर ताजे शिंगाडे मिळतात. आपण उपासाला पीठ खातो, पण वेल पाण्यावर कसा पसरतो हे आपल्या पोरांनी पाहिलेले नसते. दुपारी झाडाखाली सतरंजी टाकून झोपावे. संध्याकाळी पाळीवरून फिरावे. आणखी काही करायची गरज नाही.

नशीब असेल तर वाटेतल्या एखाद्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसेल. हा जवळपास माणसाएवढा उंच पक्षी, उडणाऱ्या पाखरांत सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, तोही मोजकाच, उरला आहे. पावसाळ्यात धानाच्या पाण्यातच तो घरटे करतो. घरट्याभोवतीचे थोडे धान जाते, तरी तिथले शेतकरी ते मोडत नाहीत, उलट राखण करतात. हाताशी आलेले पीक पाखरासाठी सोडणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याशिवाय कुणाला कळणार?

या तळ्याकाठी राहून एका माणसाने मराठी भाषेला मोठे धन दिले. सोलापूरचे मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) वनखात्यातले अधिकारी. नोकरीच्या निमित्ताने ते नवेगावबांधला राहिले. तिथे गावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून त्यांनी पाखरांची आणि रानाची विद्या घेतली. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तक त्याच वास्तव्याचे. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. शिकलेल्या अधिकाऱ्याने गावच्या पाटलाला गुरू मानले, ही त्यांच्या आयुष्यातली मोलाची गोष्ट. तिथे जाताना त्यांचे पुस्तक गावच्या वाचनालयातून मागून घ्यावे आणि संध्याकाळी घरच्या शाळकरी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

आता मघाच्या मुद्द्याकडे येऊ. आपल्याकडे सहल ठरली की आदल्या रात्री बाई दोन वाजेपर्यंत जागून दशम्या करते, चिवडा तळते, पोरांचे कपडे बांधते. मुक्कामावर पोचली की तीन दगड मांडून पुन्हा चूल पेटवते. गडीमाणसे पाण्यात पाय सोडून बसतात आणि तिथून “चहा झाला का?” असे विचारतात. अशा सहलीत तिच्या हाताला काय आराम मिळाला? फक्त चूल घरातून तळ्याकाठी आली. म्हणून पहिला नियम असा करा की त्या चार दिवसांत घरच्या बाईने स्वयंपाक करायचा नाही. गावात पैसे देऊन साधे जेवण सांगावे. तिथला रोजचा भात जेवावा, चालत असेल तर तळ्याची मासळी खावी. भाकरीची आठवण आलीच तर पुरुषांनी थापून पाहावी. वाकडी झाली तरी पोट भरते. सासू, सून, लेकी यांनी पाळीवर बसून गप्पा कराव्यात. कितीतरी घरांत सासू-सुनांचे बोलणे मीठ आणि पिठापुढे गेलेले नसते, कारण दोघींनाही कधी रिकामा वेळच मिळालेला नसतो.

दुसरी अडचण जनावरांची. “म्हशीची धार कोण काढील? बैलांना पाणी कोण दाखवील?” याला उपाय आपल्याच शेतीत आहे. डवरणीला, सोंगणीला आपण सावड करतो. तशीच सुट्टीचीही सावड करावी. या महिन्यात शेजाऱ्याने तुमचा गोठा पाहावा, पुढच्या महिन्यात तुम्ही त्याचा पाहावा. दोन घरांत एवढा विश्वास असेल तर तेवढ्यासाठी तरी हा प्रयोग करावा. नसेल तर तो जोडण्यासाठी करावा.

तिसरी अडचण वेळेची. कापसाची वेचणी आटोपली, तुरी सोंगून घरात आल्या, हरभऱ्याला अजून वेळ आहे, असे थोडे दिवस पौष-माघात निघतात. तेच दिवस तिकडे पाखरांचे असतात. शिवाय दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो. शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होतात. वडसा हे त्यांचे मोठे केंद्र. जवळपास कुठे प्रयोग असला तर एक रात्र त्यासाठी ठेवावी. पावसाळ्यात मात्र जंगलाची फाटके बंद असतात. एरवीही राहण्याची सोय, बेटावर जाण्याची परवानगी, फाटकाचे वार आणि वेळा वनखात्याकडे आधी विचारून घ्याव्यात.

सामान थोडे न्यावे. प्रत्येकाच्या पाठीवर एक पिशवी, यापेक्षा जास्त नाही. दोन जोड कपडे, एक गरम चादर, बॅटरी, पाण्याचे भांडे, रोजची औषधे आणि मच्छरदाणी. मच्छरदाणी विसरू नका; जंगलाच्या भागात हिवतापाची भीती असते. पाणी उकळून प्यावे. अनोळखी तलावात पोहायला उतरू नये. पट्टीचा पोहणाराही कमळाच्या देठांत आणि गाळात अडकतो. जंगलात विडी-काडी आणि जाळ नको, बाटली तर अजिबात नको. रेडिओ, मोबाइल मोठ्याने लावू नये. आपण तिथले पाहुणे आहोत. पाखरांचे आणि गावकऱ्यांचेही.

एवढ्या लांब जाणे जमत नसेल तर जवळचे पाणी पाहावे. अकोल्याच्या लोकांना महानचे काटेपूर्णा धरण आहे, त्याला लागून अभयारण्य आहे. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचे पाणी पसरलेले आहे. मेळघाटात सिपना नदीच्या काठी सेमाडोह आणि कोलकास आहेत. तिथे बेट नसेल, पण पाणी आहे, झाडे आहेत आणि स्वस्थता आहे. एक रात्र राहून आले तरी सुरुवात झाली.

काही वडीलधारे म्हणतील, अंगावर कर्ज, भावाचा भरवसा नाही, आणि यांना तळे सुचते! त्यांचे म्हणणे खोटे नाही. चार दिवस तळ्याकाठी बसून कर्ज फिटत नाही की कापसाचा भाव चढत नाही. कर्ज काढून तर मुळीच जाऊ नये. पण काळजीने दबलेला माणूस घरातल्या घरात मुका होत जातो, हे आपल्या वऱ्हाडाने फार जवळून पाहिले आहे. ज्या गोष्टी उंबऱ्याच्या आत बोलता येत नाहीत, त्या पाण्याकडे तोंड करून शेजारी बसल्यावर कधी कधी बोलता येतात. नवरा बायकोला खरा आकडा सांगतो, पोरगा बापाला मनातली गोष्ट सांगतो. एवढे झाले तरी गाडीभाडे वसूल झाले.

जमिनीला आपण पीक बदलून विसावा देतो, बैलाला पोळा देतो. या वर्षी तुरी घरात आल्या की घरच्या कारभारणीला विचारा, “चार दिवस कुठे जायचे?” पहिल्यांदा ती म्हणेल, “मला कुठं वेळ आहे?” तेव्हा दुसऱ्यांदा विचारा.